लोय्टनर मेस्त्रींच्या मूर्तीला तडा

१

कोर्बिनियान हा ओबरमूसबाखच्या चर्चचा सेवेकरी. घंटा, मेणबत्त्या आणि गावाच्या चहाड्या, तिन्ही तो मनापासून सांभाळी. जूनमधल्या एका गुरुवारी सकाळी तो डाव्या वेदीवरची मेणबत्ती बदलायला गेला आणि उलट्या पावली धावत बाहेर आला. नव्या संत अपोलोनियाचे तोंड फुटले होते.

गावचे न्यायाधिकारी झेव्हेरिन ओट्ट त्या वेळी दाढेत लवंग धरून बसले होते. तीन दिवस दाढेने त्यांना झोपू दिले नव्हते. अपोलोनिया ही दातदुखीवरची संत, तिच्या हातातल्या चिमट्यात एक दात असतो. ओट्टांनी आदल्याच दिवशी तिला चांगली पौंडभर मेणाची मेणबत्ती कबूल केली होती. "आधी स्वतःचं तोंड सांभाळायचं की तिनं," असे पुटपुटत त्यांनी कोट चढवला.

लाकडी मूर्ती पुरुषभर उंच होती. तडा कपाळावर सुरू होऊन डाव्या गालावरून हनुवटीपर्यंत आला होता आणि तिथे न थांबता गळ्यावरून झग्याच्या चुण्यांत उतरला होता. त्यात करंगळी गेली असती. पायाशी एक रुंद गोल पटाशी पडली होती आणि तिच्या मुठीवर चांदणीची खूण डागलेली होती. ती खूण कोणाची हे सांगायला गावात कोणी लागत नव्हते.

"मेल्खिओरची!" कोर्बिनियान म्हणाला. "साहेब, मी म्हणतच होतो."

"तू सगळंच म्हणत असतोस. तडा आपोआप गेला नसेल कशावरून?"

कोर्बिनियानने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू साहेबांची दाढ डोक्यात चढली होती. दारापाशी जमलेल्या बायकांतूनच उत्तर आले. "लोय्टनर मेस्त्रींच्या मूर्तीला तडा जात नाही, साहेब!"

ते खरे होते. इग्नाझ लोय्टनर मेस्त्रींनी अडतीस वर्षांत शंभरावर मूर्ती कोरल्या. एकीवरही नाव घातले नाही. चार कोसांपलीकडे त्यांना कोणी ओळखत नव्हते, राजवाड्यातून कधी बोलावणे आले नाही. पण इकडच्या खेड्यांतल्या दमट-कोरड्या चर्चमध्ये त्यांची एकही मूर्ती कधी उकलली नाही, आणि लोक पोर जन्मले की जसे 'धडधाकट आहे ना' विचारतात तसे नव्या मूर्तीबद्दल 'लोय्टनरांचीच ना' असे विचारत. मेस्त्री फेब्रुवारीत वारले. अपोलोनिया ही त्यांच्या हातची शेवटची. रविवारी बिशपांच्या हस्ते तिला आशीर्वाद द्यायचे ठरले होते.

ओट्टांनी खाली वाकून फरशी पाहिली. तड्याच्या बरोबर खाली रंगाच्या अस्तरातल्या खडूच्या भुकटीची एक बारीक रेघ पडली होती. ढलपी एकही नव्हती. रंगाच्या कडा बाहेरच्या बाजूला उचलल्या गेल्या होत्या. त्यांनी ते पाहून ठेवले आणि मेल्खिओरला आणायला माणूस पाठवला.

२

मेल्खिओर क्नॉल तिशीचा, खांद्यांनी रुंद आणि बोलण्याने आखूड. अकरा वर्षे तो मेस्त्रींच्या हाताखालचा कारागीर होता. गेल्या नोव्हेंबरात मेस्त्रींनी त्याला घराबाहेर काढले. काम सोडल्याचा दाखला न देताच काढले, त्यामुळे दुसरा कोणी मेस्त्री त्याला बाकावर बसू देईना. गाव सोडून जाण्याऐवजी तो इथल्याच बिअरच्या भट्टीत पिंपे दुरुस्त करत राहिला होता.

"ही पटाशी तुझी?"

"माझी."

"चर्चमध्ये कशी आली?"

"ठाऊक नाही."

"शेवटची कधी हातात धरलीस?"

मेल्खिओर पायाखालची फरशी बघत राहिला.

"अरे, मी गुराखी नाही आणि तू बैल नाहीस. तोंडानं बोल. काल दुपारी बाराच्या सुमाराला तू चर्चमधून डोळे पुसत बाहेर पडलास. पाववाल्याच्या बायकोनं पाहिलंय."

"रोज दुपारी जातो. जेवणाच्या सुट्टीत."

"कशाला?"

"मूर्ती बघायला." तो थांबला. "मेस्त्रींचा तसा चेहरा दुसरा नाही."

ओट्टांनी त्याला पुढचे सगळे स्वच्छ सांगितले. पवित्र मूर्ती विटंबली म्हणजे चौकात फटके आणि हद्दपारी. शिवाय मूर्तिकारांचा संघ त्याचे नाव वहीतून काटणार. मग श्वाबियाच काय, डॅन्यूबच्या उगमापासून व्हिएन्नापर्यंत कोणी त्याला साधा चमचा कोरायला लाकूड देणार नव्हते. संघाला आणि फादरना निकाल रविवारच्या आत हवा होता.

"समजलं?"

"समजलं, साहेब."

"मग?"

"मी केलं नाही," मेल्खिओर म्हणाला. "पण पुढचं मला विचारू नका. फटके मारायचेत तर मारा."

ओट्टांनी त्याला कोठडीत पाठवले. त्यांनी अनेक चोर पाहिले होते. फटक्यांची भीती नसलेला चोर त्यांनी अजून पाहिला नव्हता, आणि याच्या कपाळावर तर घाम होता. भीती होती, तरीही तोंड बंद होते. एवढे कोणासाठी?

३

गालुस हेर्मान मेस्त्री हे संघाचे प्रमुख आणि लोय्टनरांचे वीस वर्षांचे हाडवैरी. अपोलोनियाचे काम आधी त्यांना मिळायचे होते. ते लोय्टनरांना मिळाल्यावर हेर्मानांनी शपथ घेतली, की त्या वेदीसमोर आपण पाऊल टाकणार नाही. तेव्हापासून ते प्रार्थनेला दाराजवळच्या खांबाआड उभे राहत. थंडीत पडसे झाले तरी शपथ मोडली नाही.

"या साहेब, या. मीच फोडली असं वाटतंय ना तुम्हाला?" त्यांनी बाकावरचा भुसा हाताने झाडला. "फोडली असती तर आनंदानं सांगितलं असतं. पण बुधवारी दिवसभर मी मठात होतो. चाळीस साधूंना विचारा. चाळीस, एक-दोन नाही!"

"विचारलं. ही पटाशी बघा."

हेर्मानांनी ती हातात घेऊन उलटसुलट केली. "चांगली आहे. जड. पण हिनं तोंड कोण फोडेल? ही मागून लाकूड पोखरायची. आमच्याकडे मूर्ती पाठीमागून पोखरून काढतात, बोटभर जाडीचं कवच ठेवतात. वेड्यानं मूर्ती फोडायची तर कुऱ्हाड आणावी. हा म्हणजे डुक्कर मारायला डाव घेऊन जाण्यातला प्रकार झाला."

"पोखरायचं काम कोण करतं?"

"ज्याच्या दंडात जोर असतो तो. वाकस आणि जड लाकडी मोगरी घेऊन दोन-दोन दिवस घण घातल्यासारखं काम. लोय्टनरांकडे मेल्खिओर करायचा." हेर्मान जरा खाली आवाजात म्हणाले, "नोव्हेंबरात भांडण त्यावरूनच झालं. माझी खिडकी समोरच आहे, मला काय कानात बोळे घालून बसता येतं? पोरगा म्हणत होता, 'मेस्त्री, तुमचा हात कापतोय, मोगरी मला द्या.' झालं! म्हातारा असा खवळला! हात कापत नाही म्हणून दाखवायला त्यानं भांडं फेकलं, आणि ते माझ्या दाराला लागलं."

"हात खरंच कापत होता?"

"मेलेल्या माणसाबद्दल मी वाईट बोलत नाही," हेर्मान म्हणाले. "जिवंत होता तेव्हा रोज बोलायचो."

निघता निघता ओट्टांनी विचारले, "तुम्ही स्वतः येऊन एकदा तडा बघाल? तुम्हाला एका नजरेत कळेल."

"शपथ आहे," हेर्मान म्हणाले आणि दार लावून घेतले.

४

शुक्रवारी ओट्टांनी कोर्बिनियानला बाकावर बसवले. त्याला बोलते करायला काही लागत नाही, थांबवायलाच लागते. अर्धा तास फादरच्या स्वयंपाकिणीबद्दल ऐकून झाल्यावर गाडी मूर्तीवर आली.

"हिनं माझी कंबर मोडली, साहेब! एप्रिलमध्ये वर चढवली तेव्हा. उजव्या वेदीवरची संत बार्बरा दोघांनी आणली होती, मी आणि माझा मेव्हणा, मधे हसत-बोलत. ही तेवढ्याच उंचीची, पण सहा जण लागले. सहा! मी म्हटलं, बाईनं जगातले सगळे दुखरे दात पोटात घेतलेत की काय."

ओट्ट लवंग चावायचे थांबले. "आणि बुधवारी दुपारी काय झालं?"

"काही नाही. उकाडा. तीन आठवडे थेंब नाही पावसाचा, चर्च म्हणजे नुसती भट्टी. बाराच्या घंटेनंतर मी पडवीत लवंडलो होतो. एकदा मोठा बार ऐकला, बंदुकीसारखा. वाटलं, जमीनदाराचा शिकारी ससे मारतोय. मग मेल्खिओर बाहेर आला."

"बार आधी, आणि मेल्खिओर नंतर. त्याच्या हातात काही होतं?"

"टोपी. तोंडावर धरली होती."

"त्यानंतर कोण आलं?"

"कोणी नाही. म्हणजे लोय्टनर मेस्त्रीणबाई आल्या, त्यांचं काय! रोज तीनला फुलं आणतात. परवा बिचाऱ्या विसराळूपणानं दोनदा आल्या. एकदा फुलं घेऊन, आणि मग चारला परत, एप्रन पोटाशी आवळून. म्हटलं, काय विसरलं? तर म्हणाल्या, प्रार्थना."

ओट्ट उठले आणि उजव्या वेदीकडे गेले. संत बार्बराच्या पोटावर त्यांनी बोटाच्या पेराने टकटक केली. रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. मग ते डावीकडे आले आणि अपोलोनियाच्या पोटावर तशीच टकटक केली. आवाज आला, पण तो दगडी भिंतीवर टकटक करावी तसा बसका.

"कोर्बिनियान, जा, पहार आण. आणि आता जे बघशील ते मी सांगेपर्यंत बोललास, तर तुझी घंटा दुसऱ्याला देईन."

मूर्तीची पाठ फळीने बंद केलेली होती, पोखरलेल्या सगळ्याच मूर्तींची असते तशी. सहा खिळे निघाले, फळी सुटली. मागे पोकळी नव्हती. सबंध, भरीव लाकूड होते, आणि मधोमध झाडाचा गाभा तसाच राहिलेला दिसत होता. तडा त्या गाभ्यापासून निघून थेट समोर चेहऱ्यापर्यंत गेला होता.

कोर्बिनियानने छातीवर क्रूसाची खूण केली. "पण मेस्त्री तर... गाभा आत राहिला की वाळताना लाकूड उकलतं, मेस्त्रींना हे कळत नव्हतं?"

"सगळ्या मुलखात त्यांच्याइतकं कोणाला कळत नव्हतं," ओट्ट म्हणाले. त्यांना एकाएकी त्या म्हाताऱ्याची फार दया आली. "लाव फळी परत."

५

मेस्त्रीणबाई आफ्रा लोय्टनर नवऱ्याच्या कारखान्यातच बसल्या होत्या. बाक स्वच्छ पुसलेले, हत्यारे भिंतीवर आकारमानाने टांगलेली. एक खिळा रिकामा होता. ओट्टांनी तिकडे पाहिले, आफ्राबाईंनी ते पाहिले, आणि मग दोघांनाही उगाच नमनाला घडाभर तेल घालावेसे वाटले नाही.

"मेल्खिओरनं ही पटाशी जाताना इथेच ठेवली होती," ओट्ट म्हणाले.

"दोनदा मागायला आला होता. मी दिली नाही. म्हटलं, यांचा राग उतरला की येईल परत, तोपर्यंत हत्यार इथे असावं."

"आणि राग उतरला नाही."

"उतरला होता. डिसेंबरातच उतरला होता. पण बोलवायला जायचं कोणी?" त्यांनी एप्रनच्या टोकाशी चाळा केला. "चेहरा कोरताना हात कापत नसे हो. बारीक पटाशी धरली की जादू झाल्यासारखा स्थिर. पण मोगरी उचलली की खांद्यापासून हलायचा. तीन दिवस पोखरायचा प्रयत्न केला. ओरखडे पडले नुसते. मग एके दिवशी दुपारी स्वतः फळी ठोकली आणि मला म्हणाले, 'आफ्रा, पंधरा वर्षं वाळलेलं लाकूड आहे, धरेल कदाचित. मी जाईपर्यंत तरी धरेल.' आणि रडले. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पहिल्यांदा रडताना बघितलं."

"बुधवारी तुम्ही फुलं घेऊन गेलात आणि तडा पाहिलात."

"पाहिला. आणि डोळ्यांपुढे आलं सगळं. रविवारी बिशप येणार, संघ येणार, तो हेर्मान येणार. म्हणणार, लोय्टनरांच्या मूर्तीला तडा गेला. मूर्ती पोखरली नव्हती म्हणणार. अडतीस वर्षं एका वाक्यात पुसली जाणार, साहेब. त्यांनी कुठे नावही नाही घातलं. तेवढा एक बोलच होता त्यांचा, तडा जात नाही म्हणून."

"म्हणून दुसऱ्याचं नाव खाली टाकलंत."

"मेल्खिओर तरुण आहे," आफ्राबाई ताठ बसत म्हणाल्या. "त्याला दुसरं गाव मिळेल. माझ्या माणसाला दुसरं आयुष्य मिळणार नाही."

ओट्टांना राग आला, आणि त्यांनी तो लपवला नाही. "दुसरं गाव? संघाच्या वहीतून नाव गेल्यावर? तुम्ही मेस्त्रीणबाई आहात, तुम्हाला हे मी शिकवायचं? आता ऐका. मूर्ती उकलली तेव्हा मेल्खिओर तिच्यासमोर उभा होता. बार त्याच्या डोळ्यांदेखत झाला. अकरा वर्षं ज्यानं पोखरायचंच काम केलं, त्याला कळलं नसेल असं वाटतं तुम्हाला? 'पोटावर टकटक करून बघा' एवढे चार शब्द त्यानं उच्चारले असते, तर गुरुवारीच घरी गेला असता. पटाशी या भिंतीवर होती हेही त्याला ठाऊक. तुम्हीच ती नेलीत, हेही ठाऊक. फटके मारा म्हणाला, पण बोलला नाही."

आफ्राबाई भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिल्या.

"कोठडीत त्याला जेवायला काय देता?" शेवटी त्यांनी विचारले.

"जवाचं सूप आणि पाव."

"जवानं त्याचं पोट दुखतं."

"मग लवकर बाहेर काढू या," ओट्ट म्हणाले. "पुरावा नाही म्हणून मी त्याला सोडू शकतो. पण संशय राहील, आणि संघ संशयावरसुद्धा नाव काटतो. खरं कारण सगळ्यांसमोर आलं तरच तो सुटेल. मी सांगू शकतो. तुम्ही सांगितलंत तर बरं. रविवारी प्रार्थना संपेपर्यंत मी थांबेन."

६

रविवारी चर्च गच्च भरले. बिशप पुढे, संघाची मंडळी पहिल्या बाकांवर, हेर्मान आपल्या खांबाआड. मेल्खिओर दोन शिपायांच्या मधे उभा होता. अपोलोनियावर पांढरे कापड टाकलेले होते. शेवटचे 'आमेन' झाले. ओट्टांनी मनात दहा अंक मोजले, आणि मग उठायला हात टेकले.

त्याआधीच बायकांच्या बाजूने आफ्राबाई उठल्या. त्या वेदीपर्यंत गेल्या, कापड ओढून काढले आणि लोकांकडे वळल्या.

"माझ्या नवऱ्याच्या मूर्तीला तडा गेला," त्या म्हणाल्या.

संघाची मंडळी बाकांवरून पुढे वाकली.

"ती पोखरली नव्हती. त्यांच्या हातात जोर राहिला नव्हता, आणि ज्याच्यात होता त्याला त्यांनी हाकललं होतं. मला सगळं माहीत होतं. पटाशी मी टाकली. हा पोरगा गेले तीन दिवस जवाचं सूप खातोय तो त्यांच्यासाठी. माझ्यासाठी नाही. मी त्या लायकीची नाही."

मग खांबामागून बुटांचा आवाज आला. गालुस हेर्मान मधल्या वाटेने चालत आले, शपथ मोडून थेट वेदीसमोर उभे राहिले आणि तड्यावरून वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवला. आफ्राबाईंनी डोळे मिटून घेतले.

"तीन," हेर्मान म्हणाले.

"काय तीन?" बिशपांनी विचारले.

"माझ्या तीन मूर्तींना गेलाय, महाराज. पोखरलेल्या असून. मठातल्या संत जॉर्जला तर दोनदा. मेण-सरस भरला, वर रंग दिला आणि गप्प बसलो. उकलतं लाकूड, ते काय आमचं ऐकतं?" त्यांनी मान वर केली आणि त्या चेहऱ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिले. पाहतच राहिले. "म्हातारा हलकट," ते हळूच म्हणाले, "कापत्या हातानं हे केलं होय?" मग शिपायांकडे वळून ओरडले, "आणि त्याला काय धरून उभे राहिलात? संघाला त्याच्याविरुद्ध काही म्हणायचं नाही!"

शिपायांनी ओट्टांकडे पाहिले. ओट्टांनी होकाराची मान हलवली.

आशीर्वाद पुढच्या महिन्यावर गेला. पटाशी टाकल्याबद्दल ओट्टांनी आफ्राबाईंना शिक्षा दिली: वर्षभर चर्च झाडायचे. कोर्बिनियानला ही शिक्षा फारच न्याय्य वाटली. सोमवारी सहा माणसांनी मूर्ती उतरवून कारखान्यात आणली आणि बाकावर पालथी घातली. मेल्खिओर आला, पण उंबऱ्याशीच थांबला.

"ये की," आफ्राबाई म्हणाल्या.

"नोव्हेंबरात मी जायला नको होतं, मेस्त्रीणबाई."

"तू गेला नाहीस. त्यांनी हाकललं तुला."

"तरी."

आफ्राबाईंनी दोघांसाठी ताटे मांडली. दोघे जेवले. मग मेल्खिओर उठला, बाह्या वर सारल्या आणि मेस्त्रींच्या अपुऱ्या ओरखड्यांपासूनच पोखरायला सुरुवात केली.